कॅप्टन काय म्हणाला

जबलपूरच्या चेरीताल भागातल्या आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आमच्याकडे आला. त्याचं कारण आमची श्रीमंती नव्हती, शेजारच्या वकीलसाहेबांची सावधगिरी होती. त्यांना टीव्ही सहज परवडत होता, पण आधी दुसऱ्या कोणीतरी घेऊन पाहावा, नीट चालला तर आपण घेऊ, असं त्यांचं मत होतं. तो दुसरा कोणीतरी म्हणजे आमचे बाबा. कमानिया गेटजवळच्या दुकानातून त्यांनी टीव्ही सायकलरिक्षात बसवून आणला आणि स्वतः खोक्यावर हात ठेवून बाजूने चालत आले. अँटेना फिरवण्याच्या आठवणी माझ्या वयाच्या सगळ्यांकडे आहेत, म्हणून माझ्या मी सांगत नाही.

रविवारी सकाळी टीव्हीवर एक इंग्रजी मालिका लागायची. एक अंतराळयान घरचा रस्ता चुकलेलं असतं आणि दर रविवारी एका नव्या ग्रहावर जाऊन पोचतं. यानात एक देखणा कॅप्टन, पांढऱ्या मिशांचा म्हातारा इंजिनिअर, आणि कपाळावर काचेची पट्टी असलेली परग्रहावरची एक बाई. गल्लीतली पंधरा-वीस माणसं आमच्या बैठकीत सतरंजीवर बसायची. सगळे टक लावून बघायचे आणि कोणाला एक अक्षर कळायचं नाही, कारण यानातली माणसं भराभर आणि नाकातून बोलायची.

ते समजावून सांगायचं काम बाबांनी अंगावर घेतलं. जबलपुरात नुसतं फॅक्टरी म्हटलं की संरक्षण खात्याची, आणि बाबा फॅक्टरीत चार्जमन, म्हणजे कामगारांवरचे सुपरवायझर, होते. त्यांच्याकडे इंग्रजी सर्क्युलरं यायची, इंग्रजी ड्रॉइंग्ज यायची, म्हणजे बाबांना इंग्रजी येतं, हे गल्लीने गृहीत धरलं होतं. पहिल्याच रविवारी कोणीतरी विचारलं, "भाईसाहब, कॅप्टन क्या बोल रहा है?" बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बोल रहा है, स्पेअर पार्ट नहीं आया."

सगळ्यांनी मान हलवली. स्पेअर पार्ट न येणं जबलपुरात सगळ्यांना कळत होतं.

तिथून पुढे ती मालिका बाबांचीच झाली. कॅप्टन बटणं दाबू लागला की बाबा म्हणत, "इंडेंट भेज रहा है, सामान मँगा रहा है. स्टोअरवाले सुन नहीं रहे." मग आमच्याकडे वळून मराठीत, "पहा, कसं त्रास देऊन राहिले त्याला." काचेच्या कपाळाची बाई हेड ऑफिसने पाठवलेली ऑडिटवाली होती, म्हणून ती कधी हसत नसे. लांब बोटांचा एक दुष्ट माणूस मधूनमधून यायचा, तो व्हिजिलन्सचा. शेवटी स्फोट झाला की बाबा समाधानाने म्हणत, "चलो, इन्क्वायरी क्लोज."

वकीलसाहेब पुढच्या खुर्चीवर बसायचे. ते हायकोर्टात वकिली करत, तेव्हा इंग्रजी त्यांना बाबांपेक्षा जास्त यायला हवं होतं. पण ते दर वाक्यानंतर डोळे मिटून "बिल्कुल सही" म्हणायचे. एवढ्या मोठ्या वकिलाने शिक्का मारल्यावर शंका कोण घेणार? आज मला वाटतं, त्यांनाही काही कळत नव्हतं आणि बाबांना कळतंय या समजुतीने त्यांची अब्रू वाचत होती. बाबांना वाटत असावं की चुकलो तर वकीलसाहेब टोकतीलच. दोघेही एकमेकांच्या भरवशावर अंतराळात फिरत होते.

एक अडचण मात्र होती. कॅप्टन जवळजवळ प्रत्येक ग्रहावर कोणत्या ना कोणत्या बाईच्या फार जवळ जायचा. बैठकीत बायका होत्या, आम्ही पोरं होतो. बाबांनी एका श्वासात मार्ग काढला. "ऑक्सिजन दे रहा है. ऊपर हवा नहीं होती ना." बायकांनी पदर तोंडाला लावले, पण आम्हा पोरांना ते पटलं. कॅप्टन किती परोपकारी आहे, असंच मला वाटायचं. एवढंच कळायचं नाही की म्हाताऱ्या इंजिनिअरला तो कधी ऑक्सिजन का देत नाही.

आणि एक भाग तर गल्लीत गाजला. एका ग्रहावरचे लोक भरजरी कपडे घालून मोठ्या दालनात जमतात, दोन बाजूंना दोन तांड्यांनी उभे राहतात आणि जोरजोरात बोलतात. बाबा म्हणाले, "इनकी राजधानी दूसरे ग्रह पर ले गए." राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा राजधानी आपल्याला मिळणार म्हणून जबलपूर नटून बसलं होतं, आणि ती गेली भोपाळला. माझा जन्म त्यानंतरचा, तरी ते दुःख मला दुधाबरोबर पाजलं गेलं होतं. कोणीतरी विचारलं, "क्यों ले गए?" बाबा म्हणाले, "वहाँ तालाब है." वकीलसाहेब खुर्चीत पुढे सरकले. "और इनको क्या मिला?" बाबांनी पडद्याकडे नीट बघितलं. तिथे एक म्हातारा राजा कोणाला तरी अंगठी देत होता. "हायकोर्ट," बाबा म्हणाले. जबलपूरलाही तेवढंच मिळालं होतं. त्या दिवशी वकीलसाहेबांनी "बिल्कुल सही" म्हटलं तेव्हा त्यांचा आवाज जड झाला होता.

आम्ही पोरं सुट्टीत मदनमहालच्या खडकांवर जाऊन हाच खेळ खेळायचो. दगडावर दगड तोललेले तिथे, अगदी परग्रह. पण आमच्या खेळात लढाया नसायच्या. दादा कॅप्टन व्हायचा आणि इंडेंट पाठवायचा, वकीलसाहेबांचा मुलगा स्टोअरकीपर होऊन "सामान नाही" म्हणायचा, आणि मुलगी म्हणून मला ऑडिट करायला लावायचे.

एक दिवस ती मालिका लागायची बंद झाली, तिच्या जागी दुसरं काहीतरी आलं, आणि आम्ही मोठे झालो. मी लग्न होऊन नागपूरला आले. दादाने जबलपुरातच, रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत, छोटासा कारखाना टाकला, पत्र्याचे डबे आणि खोकी बनवण्याचा. बाबा निवृत्त झाले. वकीलसाहेबांनी अखेर टीव्ही घेतला, तोही रंगीत आल्यावर.

गेल्या हिवाळ्यात बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून मी जबलपूरला गेले. बाबांनी ऐंशी केव्हाच ओलांडली आहे. नवीन नजर आल्यापासून ते घरात फिरून कुठे कुठे कोळ्यांची जाळी आहेत ते वहिनीला दाखवत होते. त्याच आठवड्यात दादाने भिंत झाकणारा टीव्ही आणला होता. माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी, तिला मराठी सगळं समजतं पण ती उत्तर हिंदीतच देते. तिने एका संध्याकाळी सहज सांगितलं, "बुआ, पापा जिस सीरियल की बात करते रहते हैं, वो मिल गई. पूरी है. नीचे हिंदी में लिखा भी आता है."

दादाला नुसतं भरून आलं. आपलं बालपण किती साधं आणि श्रेष्ठ होतं, यावर तो घरच्या ग्रुपवर रोज सकाळी काहीतरी टाकत असतो. त्याने ठरवलं की रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून बघायचं, जसं तेव्हा बघायचो तसं. सतरंजी काढली. त्यावर कोणाला बसता येईना, म्हणून पुन्हा सोफे सरकवले. वकीलसाहेबांना बोलावलं. ते आता काठी टेकत येतात आणि कानात यंत्र आहे. दादाने कमानियाहून खव्याची जिलेबी आणली. आई एका बाजूला खुर्चीवर मटर सोलत बसली. जबलपुरात हिवाळ्यात बाईच्या हातात मटर नसेल तर ती आजारी आहे असं समजावं.

मालिका सुरू झाली. चित्र इतकं स्वच्छ केलेलं होतं की ग्रहावरचे खडक थर्माकोलचे आहेत हे लगेच दिसलं. एक खडक तर कॅप्टन टेकल्यावर हलला. भाची खुदकन हसली. दादा म्हणाला, "हसू नको, त्या काळी हेच होतं." मदनमहालचे खरे खडक पाहून वाढलेला माणूस थर्माकोलची बाजू घेत होता.

कॅप्टन बटणं दाबत काहीतरी बोलला. खाली अक्षरं आली: 'आज मुझे अपनी माँ बहुत याद आ रही है.'

बाबा नव्या डोळ्यांनी ते वाचून मोठ्याने म्हणाले, "हे कोणी लिहिलं?"

"आजोबा, कंपनी वालों ने. ऑफिशियल है."

"ऑफिशियल आहे म्हणूनच चूक आहे. नोकरीभर ऑफिशियलच पाहिलं मी."

पुढे काचेच्या कपाळाच्या बाईने सांगितलं की ती यानावर डॉक्टर आहे. लांब बोटांचा दुष्ट माणूस कॅप्टनचा सख्खा भाऊ निघाला. बाबा प्रत्येक ओळीला हरकत घेत होते आणि वकीलसाहेबांना आपली जुनी जागा सापडली होती. ते म्हणाले, "भाईसाहब ठीक कह रहे हैं. ये जो नीचे आ रहा है, ये सुनी-सुनाई बात है. इसको एविडेंस नहीं मानते."

मग तो राजधानीचा भाग लागला. दालन, भरजरी कपडे, दोन तांडे. ते एक लग्न होतं. मुलाकडचे आणि मुलीकडचे. म्हातारा राजा जावयाला अंगठी देत होता.

"शादी है ये तो," भाची म्हणाली.

"शादी कैसे हो सकती है?" वकीलसाहेब काठी आपटून म्हणाले. "मैंने खुद देखा था. राजधानी का मामला था. हमारे साथ भी यही हुआ."

त्याच भागाच्या शेवटी कॅप्टन नवरीच्या बहिणीजवळ गेला आणि त्याने तिला ऑक्सिजन दिला. खाली अक्षरं आली: 'मैंने तुमसे सुंदर कोई नहीं देखी.' दादा टीव्हीकडे बघतच राहिला. दादा पन्नाशी ओलांडून गेला आहे, मुलीला स्थळं बघतो आहे. त्याचा चेहरा बघून वहिनी म्हणाली, "अहो, तुम्हाला आत्ता कळलं?"

"तसं नाही," दादा म्हणाला. "मी त्या दृष्टीनं कधी विचारच नव्हता केला."

आम्ही सगळ्या बायका हसत सुटलो. बाबा चिडले. "हसता काय? खालचं लिहिणारा कोणी पोरगा असेल, त्याला काय माहीत? मी समोर बसून ऐकलं आहे. तेव्हा तो असं नव्हता म्हणाला."

आईने मटराची शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले आणि वर न बघता म्हणाली, "असंच म्हणाला होता. खाली बरोबर लिहिलंय."

भाचीने टीव्ही थांबवला. पडद्यावर कॅप्टन अर्धवट झुकलेला तसाच राहिला.

आई नागपूरच्या मिशनच्या शाळेतून मॅट्रिक झालेली. हे काही गुपित नव्हतं, लग्न ठरवताना सांगितलंही गेलं होतं. मग ती जबलपूरला आली, शेजारणींशी हिंदी, घरात मराठी. तिचं इंग्रजी तिने ट्रंकेत ठेवल्यासारखं ठेवून दिलं, आणि आम्ही कोणी विचारलं नाही. मी स्वतः कॉलेजात असताना इंग्रजीसाठी शिकवणी लावली होती, आणि शिकवणाऱ्या बाईंचं इंग्रजी आईपेक्षा कच्चं होतं.

"तुला समजत होतं?" बाबांनी विचारलं.

"समजत होतं ना."

"सगळं?"

"ते नाकातून बोलायचे ते आधी कठीण गेलं. पहिल्या महिन्यात. मग समजू लागलं."

"मग बोलली काहून नाहीस?"

"तुम्ही बोलत होता ना," आई म्हणाली.

वकीलसाहेबांनी कानातलं यंत्र उगीच काढून पुसलं. "भाभीजी, आपने तो कमाल कर दिया," ते म्हणाले, आणि बाबांकडे न बघता जिलेबी खाऊ लागले. बाबा उठले. डोळे दुखून राहिले, म्हणाले, आणि आत जाऊन पडले.

बाबा दोन-तीन दिवस टीव्हीच्या खोलीत आले नाहीत. जाळी दाखवणंही बंद झालं, तेव्हा वहिनीलासुद्धा काळजी वाटली. दादा ग्रुपवर काही टाकेना. एका दुपारी मी बाबांच्या डोळ्यांत औषध घालत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "का ग, मी सगळंच चूक सांगितलं काय?"

आई कपड्यांच्या घड्या करत होती, ती म्हणाली, "अहो, मला तुमचीच गोष्ट आवडायची. इंग्रजीतला कॅप्टन सारखा स्वतःच्या नशिबाबद्दल रडायचा. तुमचा काही कामाचा तरी होता. आणि इंग्रजीत पुढे काय होणार ते मला आधीच समजायचं. तुमच्या तोंडून काय निघेल याचा काही नेम नसायचा."

"म्हणजे तू मनात हसत होतीस."

"हसत होते. रविवारची वाट बघत होते." मग घडी घालता घालता म्हणाली, "एकदा तुम्ही बरोबर सांगितलं होतं. अक्षर न् अक्षर. तो म्हातारा इंजिनिअर, त्याच्या जागी नवीन मशीन आणतात तो दिवस."

बाबांचे डोळे मिटलेले होते, औषध गालावर आलं होतं, ते मी पुसलं. मला तो भाग आठवत नव्हता. आईला आठवत होता. त्या सुमारास फॅक्टरीत बाबांच्या सेक्शनला कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आलं होतं आणि जागा करण्यासाठी बाबांचं टेबल व्हरांड्यात नेऊन ठेवलं होतं. हे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं, आईला दुसऱ्या कोणाकडून कळलं होतं. "तुम्ही सांगितलं आणि उठून बाहेर जाऊन बसलात," आई म्हणाली. "लोक विचारत राहिले, पुढे काय, पुढे काय. त्या दिवशी कोणालाच काही कळलं नाही."

संध्याकाळी बाबा आपणहून सोफ्यावर येऊन बसले. "चलो, लावा," एवढंच म्हणाले. भाचीने आजीला विचारून तो भाग शोधला. वकीलसाहेबांना हाक मारली, ते निरोपाची वाटच बघत असावेत इतक्या लवकर आले.

यानाच्या इंजिनखोलीत चकचकीत यंत्र आणून बसवतात. म्हातारा इंजिनिअर टोपी हातात घेऊन उभा राहतो. कॅप्टनला विचारतो. खाली अक्षरं आली: 'अब मैं कहाँ बैठूँ?'

आईने बाबांकडे पाहिलं. वकीलसाहेबांनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "दर्ज किया जाए."

मग संगीत सुरू झालं आणि कॅप्टनने उठून स्वतःची खुर्ची म्हाताऱ्याला दिली. यानावरचे सगळे टाळ्या वाजवू लागले. दादाने डोळे पुसले.

बाबा म्हणाले, "हे खोटं आहे. असं कोणी देत नाही."

"खालचं चूक आहे का, आजोबा?" भाचीने विचारलं. मराठीत विचारलं, हे तिच्याही लक्षात आलं नाही.

"खालचं बरोबर आहे. वरचं चूक आहे," बाबा म्हणाले, आणि आईच्या ताटलीतून मूठभर मटर घेऊन खाऊ लागले.

मी नागपूरला परत आले. तिकडे त्यांनी उरलेली मालिका रोज संध्याकाळी एकेक भाग करून संपवली. खालची अक्षरं भराभर पळतात, म्हणून बाबा वाचतात अर्धं आणि उरलेलं आईला विचारतात. वकीलसाहेब दोघांनाही विचारतात, कारण त्यांना ऐकूही येत नाही आणि वाचताही. फोनवर बाबा मला प्रत्येक भागाची गोष्ट सांगायचे. आता ती खरी असायची. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायचे आणि खरं सांगते, कंटाळा यायचा. कॅप्टन नशिबाबद्दल रडायचा, दुष्ट भाऊ पळून जायचा, बाबा ते सगळं इमानाने सांगायचे.

मग एक दिवस फोन आला तो वेगळ्याच आवाजात. "संपली," बाबा म्हणाले.

"पोचले का ते घरी?"

"कुठे पोचले? मध्येच बंद पडली. यान चालून राहिलं आहे, कॅप्टन म्हणतो उद्या बघू, आणि संपली. पोरगी म्हणते, तिकडेच बंद केली होती तेव्हा. पुढचे भाग काढलेच नाहीत."

मागून वकीलसाहेबांचा आवाज येत होता. "एक्स-पार्टी बंद कर दिया! दर्शक को सुना तक नहीं!" त्यांना वकिली सोडून बरीच वर्षं झाली होती, पण त्या दिवशी त्यांनी घरी जाऊन काळा कोट शोधला असं वहिनीने नंतर सांगितलं. तिघांनी मिळून मालिका बनवणाऱ्यांना एक नोटीस तयार केली. मुद्दे वकीलसाहेबांचे, तक्रार बाबांची. बाबांनी म्हटलं इंग्रजीत पाठवा, आणि आईला कागद पेन दिलं. आईने लिहून दिलं. वकीलसाहेबांनी त्यात कठीण शब्द घातले, ते तिने काढले. भाची म्हणते तिने ते ईमेल करून टाकलं आहे, कोणाला केलं ते मात्र सांगत नाही.

उत्तर अजून आलेलं नाही. वकीलसाहेबांचं म्हणणं, मुदत संपलेली नाही.